डाव्या सीटवर

— नाही नाही, मले काही झालं नाही साहेब, मले तपासू नोका. नंबर माह्या नवऱ्याचा हाय — हे बाहेर फोनवर बोलून राहिले, म्हणून मीच आली पुढं. आमचे हे — ईश्वरदास निखारे, महाल मोहल्ल्यातले — छोटा हत्ती टेम्पो चालवतात, हिंगण्याहून माल आणतात. लायसन रिन्यू कराचं हाय, त्याले डॉक्टरची सही लागते न, डोळे बरोबर हायत म्हणून — तेवढीच पाह्यजे. लायसन तं कोरोनातच संपलं होतं. पण आरटीओ बंद, सरकारनं मुदत वाढवली, मंग अजून वाढवली, आमी म्हटलं चला, बरं झालं. आता म्हणतात, वाढणार नाही.

गाडी चांगली चालवतात साहेब. लय चांगली. सासरे मागावर लुगडी विणत, यायले मातर पयलेपासून चाकाचाच नाद. दुसऱ्या लाटेत यायनं काय केलं, मालूम हाय? हिंगण्याहून ऑक्सिजनचे सिलिंडर भरभरून दवाखान्यायत नेले. गाडीतच जेवत, गाडीतच झोपत — घरी आलो तं तुमाले होईन म्हणे. संपलेलं लायसन दाखवलं तं पोलीस म्हणाला, जा काका, पयले सिलिंडर पोहचवा. अजून सांगत राहतात ते सगळ्यायले. मंग कोरोना झाला यायलेच. बरे होऊन घरी आले, तं गाल सुजला, डोळा ठणके — ते काळी बुरशी म्हणतात न, ते. ऑपरेशन झालं. वाचले. डोळा काढा लागला नाही, दिसाले तसाच हाय, तुमी पाहाल तं —

हो. डावा. नाही, पुरा गेला नाही, उजेड समजते म्हणतात.

असे काहून पाहून राहिले साहेब? मी असते न संग! सकाळी सैपाक करून डाव्या सीटवर बसते, यायले सांगत जाते — थांबा, बाई हाय. सायकल हाय. आता घ्या. दिवसभर तेच. रस्त्यानं लोकं म्हणत असतील, कशी बायको हाय, नवऱ्याले गाडीबी चालवू देत नाही. हे हासतात त्याच्यावर. पण माह्याकडं पाहून नाही हासत.

मागच्या आठवड्यात भारतीले, आमच्या पोरीले, ताप आला. मी घरी राह्यली. म्हटलं, तुमीबी नोका जाऊ, तं म्हणे, पुष्पा, मी का आंधळा झालो? संध्याकाळी आले तं डावा आरसा तुटलेला. म्हणे, उभ्या गाडीले कोणी घासून गेलं. ते आंघोळीले गेले तशी मी खाली जाऊन पाह्यलं — दारावर लांब ओरखडा, अन् त्यात गुलाबी रंग. लहान पोरींच्या सायकली नसतात का, तसा. ओला फडका घेऊन घासत बसली — निघेच ना. जेवताना इचारलं, कोणाले लागलं तं नाही न? म्हणे, मले दिसलंच नाही पुष्पा. आवाज आला, थांबलो, उतरून मांगं पाह्यलं, कोणीच नव्हतं. कोणी नव्हतंच, का होतं अन् तेबी दिसलं नाही — आता हे मी कोणाले इचारू?

साहेब, सही नोका करू. देवाशपथ, मी सही मागालेच आली होती, अन् हे काय बोलून बसली. पण नोका करू. उजवा डोळा झाका म्हणाल न, तं बोटाच्या फटीतून वाचतील — घरी कॅलेंडरसमोर करून पाहून राहिले होते. तुमी तुमच्या हातानं झाका. पण मंग — मंग हे करतील काय? दुसरं येते काय यायले? दवाखान्यातून आले तेव्हा खिडकीत बसून राहत, गल्लीतून गाडी गेली का नुसत्या आवाजावरून सांगत, कोणाची हाय. पुरं आयुष्य तसं बसवू का मी त्यायले? तुमीच सांगा — नाही, नोका सांगू. माह्यं नाव तेवढं घेऊ नोका. म्हणा, नियमच हाय सरकारचा —

आले का? या न, या. काही नाही, मी साहेबाले म्हणून राहिली होती, यायची नजर पयलेपासून चांगली. हो न साहेब? — बसा तुमी. इकडं, इकडं हाय खुर्ची. मी बाहेर थांबते.