नातवंडासाठी विणलेलं कापड

खोटं वाटेल तुम्हाला, पण निवृत्तीनंतर मी एकच कापड विणत बसलो होतो, येणाऱ्या नातवंडाला पहिल्या दिवशी गुंडाळायला. डोळे मिटून हात फिरवला की धुक्यात हात घातल्यासारखं वाटायचं. तरी धाकधूक होतीच.

नातू झाला, तसा पुसदला गेलो. सुनेच्या आईनं कापड गालाला लावलं.

"लय मऊ हाये, भाऊ. पण कोरं कापड बाळाले लावते का कोणी? वापरलेलंच लागते."

वस्त्रशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, आणि हे सुचलं नव्हतं.

"मग आता?"

"आता तुम्हीच पांघरा. दुसऱ्या नातवापर्यंत होते तयार."

तेव्हापासून रोज पांघरतोय. झोप छान लागते. सुनेला मात्र अजून काही विचारलेलं नाही.