साहेबांना उठवू नका

…आणि वर मलाच विचारतात, "अगं, मग आधी का नाही बोललीस?" आधी! या घरात आधी बोलायला जागा तरी मिळते का कुणाला? तुम्हाला सांगते, आमच्याकडे तिघंजण एकाच वेळी बोलतात, आणि चौथी मी, तोंड उघडेपर्यंत विषय बदललेला असतो. आणि मुळात साहेबांना माझ्याकडे दिलं कशासाठी? तर मी बोलत नाही म्हणून!

साहेब म्हणजे आमच्या शाळेतला हेजहॉग. दोन ओंजळींत मावेल एवढा प्राणी, पाठभर काटे, पोटाला मऊ, आणि जरा काही झालं की लगेच चेंडू. पाय दुखावलेला सापडला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी बरा केला, आणि हिवाळ्यापुरता आमच्या जीवशास्त्राच्या बाईंनी त्याला प्रयोगशाळेमागच्या गार खोलीत ठेवला. खोली त्याचीच, काम काही नाही, हिवाळाभर गार पडून झोपलेला… वर्गाने नाव ठेवलं 'साहेब'. सुट्टीत त्या खोलीला रंग द्यायचं निघालं, तशी बाईंनी वर्गावरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. "ही नेईल. हिच्या घरी शांतता असेल."

अहो बाई, शांत मी आहे, घर नाही! पण हे सांगायचं तर बोलावं लागलं असतं ना!

आता आमचं घर कसं, ते ऐका. आजोबा जन्मभर कारखान्यात रात्रीचे पहारेकरी. झोपलेल्या माणसाला काठीने ढोसून उठवायचं, याचाच त्यांना पगार मिळायचा. आई फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशन झालेल्या माणसाला पडू म्हणून देत नाही. "पडून राहिलात की सांधे आखडतात, चला, उठा!" आणि बाबा फ्रिज दुरुस्त करतात. बंद पडलेली वस्तू दिसली की त्यांचा हात शिवशिवतो. अशा घरात, तुम्हीच सांगा, झोपायलाच आलेला पाहुणा टिकेल का?

खोकं मी मागच्या सामानाच्या खोलीत ठेवलं, कोरड्या पानांत. पहिले आले आजोबा. वाकले, बघितलं, काठीने खोक्यावर टकटक केलं. "कोण आहे रे आत?" आत कोण काय बोलणार? मग बोट लावून बघितलं, आणि बाहेर येऊन गंभीर आवाजात म्हणाले, "सूनबाई, पोरीला कसं सांगायचं ते तू बघ. गेला तो."

मेलेले नाहीत हो, झोपलेत! असं मी म्हणाले. मनात.

आई धावत आली, हात धुतलेले, बाह्या वर. "गार पडलंय लेकरू! मसाज करू या." आणि साहेबांना तळहातावर उताणं घेऊन एकेक पाय, "वाक… सरळ… वाक… शाब्बास!" अहो, उठले ना साहेब! पण कसे उठले! थरथर, थरथर, अख्खं अंग जुन्या पंख्यासारखं हलतंय. आईला केवढा आनंद! "बघ, प्रतिसाद देतोय!"

प्रतिसाद कुठला, दिवाळं निघत होतं त्याचं! बाईंनी मला समजावलं होतं. त्याच्या खांद्यांच्या मध्ये एक तपकिरी चरबी असते. उठायची वेळ आली की मेंदू तिकडे एक रसायन सोडतो, आणि ती चरबी शेगडीसारखी पेटते. हिवाळ्यात साहेब आपले आपण मधून मधून उठतात, तेवढ्याची सोय अंगात असते. पण असं फुकटचं उठवलं की वसंतापर्यंतची शिल्लक जळते. तो पुन्हा झोपला खरा, पण दुसऱ्या दिवशी पीठ मोजायच्या काट्यावर ठेवला तर वजन उतरलेलं. बाईंना फोन केला.

"आणखी एकदा असा उठला," बाई म्हणाल्या, "तर वसंत काही बघायचा नाही तो. घरात सगळ्यांना नीट सांगितलंयस ना?"

"हो बाई," मी म्हणाले. खोटं बोलायला दोनच शब्द लागतात, म्हणून जमलं.

आणि त्याच दुपारी बघते तर काय, बाबा हीटर घेऊन निघालेत! मोठा, दोन दांड्यांचा. खांद्यावर वायर, तोंडात स्क्रू ड्रायव्हर, मागे आजोबा काठी घेऊन, त्यांच्यामागे आई टॉवेल घेऊन. वरातच! "याचा थर्मोस्टॅट गेलाय," स्क्रू ड्रायव्हर दातांत धरून बाबा म्हणतात, "गरम केल्याशिवाय चालू व्हायचा नाही."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. आणि तुम्हाला सांगते, कुठून आलं ठाऊक नाही, पण आलं—

"मेलेले नाहीत हो, झोपलेत! आणि थर्मोस्टॅट गेलेला नाही, बाबा, त्यानेच खाली केलाय, मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस म्हणून एक एवढासा भाग असतो तो ठरवतो की अंग किती गरम ठेवायचं, आणि हिवाळ्यात तोच म्हणतो की राहू दे गार, आणि रात्री मोठ्या झाल्या की मेंदूतच मेलॅटोनिन जास्त वेळ सुटतं, ते म्हणजे आजोबा तुम्ही, अंधार पडला की 'दिवे घालवा, दिवे घालवा' करत फिरणारे, आणि थायरॉइडचं हार्मोन म्हणजे आई तू, 'चला उठा, हला', ते या दिवसांत कमी होतं, म्हणून तर अंगाला जरा विसावा मिळतो, आणि साठवलेल्या चरबीतून लेप्टिन निघतं, ते मेंदूला सांगतं कोठार कितपत भरलंय, आणि याचं कोठार तुम्ही रिकामं करताय, मायेनेच करताय पण करताय, आणि आणखी एकदा उठवलात तर तो खरंच मरेल, आणि मग मी बाईंना काय सांगू!"

सगळं चिडीचूप. साहेबांना हवी होती ना, तशी शांतता. आजोबांची काठी हवेतच. आई पुढे झाली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप आहे का म्हणून! मी एवढं बोलले म्हणजे आजारीच असणार!

बाबांनी तोंडातला स्क्रू ड्रायव्हर काढला. "म्हणजे बिघाड नाही," ते हळूच म्हणाले. "सेटिंग आहे."

"हो."

"कितीवर?"

"चार-पाच."

"मग आधी नाही का सांगायचं! भाजीच्या कप्प्याचं सेटिंग ते!" आणि हीटर टाकून लागले की कामाला. माळ्यावरचा थर्मामीटर आणला, खिडकीची फट कमी-जास्त करून बघितली, पाचावर आणून ठेवलं आणि फ्रिजवाल्यांच्या पद्धतीने दारावर चिकटपट्टी मारली, 'उघडू नये'. आजोबांनी दाराशी खुर्ची टाकली. आता कुणी खोकलं तरी तिकडून, "श्श! कोण आहे रे तिकडे?" आई चपला हातात घेऊन तिथून जाते. आई!

परवा बाई स्वतः येऊन वजन करून गेल्या. आम्ही चौघं भिंतीला टेकून उभे, श्वाससुद्धा नाही. बाईंनी काट्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "पुरेल. वसंतापर्यंत पुरेल." आजोबांनी पाठ फिरवून डोळे पुसले. आई कुजबुजत हसली. हो, आता आमच्याकडे हसतातही कुजबुजत.

मला वाटलं, चला, झोपेचं महत्त्व एकदाचं पटलं या घराला. म्हणून रविवारी मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. तर दारावर धाडधाड! मी आतूनच म्हणाले, "दिवस लहान आहे, मेलॅटोनिन जास्त आहे, हायपोथॅलॅमस खाली आहे…"

 बाहेरून आईचा आवाज, अगदी दवाखान्यातला.

"वजन उतरलंय का तुझं? नाही ना? मग ऊठ!"

 उठले.