घंटा वाजत असताना

नको साहेब, देवकीताईंना चहा टाकायला सांगू नका — मी माझ्या लेकीसाठी, चारुलतेसाठी आलो आहे, आणि मी येथे बसलो आहे हे त्या पोरीला ठाऊक नाही. असते तर तिने मला सक्करदऱ्याला आपल्या घराकडे फिरकूही दिले नसते. उद्या चौकशी समिती येणार, नाही का? मौद्याच्या वीज उपकेंद्रातून निघालेले निरोप नागपूरच्या तुमच्या यंत्रात गळतात कसे, ते तिने समितीपुढे सांगायचे — आणि दोष तारेचा आहे असेच सांगायचे. तसे बोलली तर नोकरी राहील, नाही तर घरी बसायचे, असे आपण तिला बजावलेत म्हणे. मी रागाने म्हणत नाही, आपल्यावरही वरून दडपण असेल. पण तिच्या आईच्या पश्चात घर तिच्यावरच चालले आहे, आणि मी तर देवापुढे बसण्यापलीकडे कशाच्याही उपयोगाचा उरलेलो नाही. मी वळवतो तिला. ती तारेचेच नाव घेईल, एवढे आपण माझ्यावर सोडा.

पण ती ऐकत नाही हो. का ऐकत नाही म्हणाल — तर तिने तार बदलून पाहिली, गळती तीच. तार यंत्राला जेथे जोडतात ते कार्ड बदलले, तरी तीच. मग निरोपांना क्रमांक घातले, तेव्हा कळले की कार्डापर्यंत सगळे सुखरूप येतात, आत मात्र पोचत नाहीत. मध्ये तो प्रोग्रॅम असतो ना, ड्रायव्हर म्हणतात तो, आलेला निरोप उचलून आत नेणारा — आपल्याला मी काय सांगावे! तेथे काय बिघडते ते तिला उमगेना, जेवण सुटले. आणि उमगले कसे, तर माझ्या पूजेमुळे. मी घंटा वाजवीत होतो, दारात लहानू दूधवाला हाका मारून मारून कंटाळला, तेवढ्यात सुमती फुलवालीने हाक दिली. घंटा थांबल्यावर मी उठून फुले तेवढी घेतली. दूध परत गेले. संध्याकाळी लहानू तडकला, “महाराज, कव्हाचा बोंबलून राहिलो होतो मी, देवाले दूध नको का तुमच्या?” — आणि माझी लेक कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, बाबा, दार ठीक, लहानूचा गळा ठीक, तुमचे कानही ठीक. पण घंटा वाजते तोवर तुम्ही कोणाचेच ऐकत नाही, आणि नंतर आठवते ती शेवटची हाक. कार्यालयात जाऊन तिने प्रिंटर बंद ठेवला — एकही निरोप गळला नाही. चालू केला — गळती सुरू. छपाई चालते तोवर तो प्रोग्रॅम कान मिटून बसतो, आणि कार्डावर जागा एकाच निरोपाची. दुसरा आला की पहिला पुसला.

मी विचारले, लिहिला कोणी तो? नाव सांगेना. “ज्यांनी मला या कामातली पहिली ओळ लिहायला शिकवली, त्यांना चारचौघांत खाली पाहायला कशी लावू, बाबा?” एवढेच बोलली. तेव्हा मी — ज्याची हयात संतांचे अभंग गाण्यात गेली तो मी — तिला म्हणालो, मग तारेचे नाव घे. ती उलट मलाच म्हणाली, मौद्याला माणूस खांबावर चढला आहे हा निरोपच गळला, आणि इकडून कोणी वीज सोडली, तर? साहेब, त्यानंतर माझ्याने देवापुढे बसवत नाही. संत जन्मभर विठ्ठलाला विनवीत राहिले, माझी हाक तुझ्यापर्यंत पोचू दे म्हणून. आणि मी लेकीला सांगतो आहे की —

आपण असे का पाहता? मी नाव कोठे घेतले कोणाचे. तिनेही घेतले नाही, आपल्या पायांची शपथ, ती तर कायम म्हणते की साहेबांनीच मला हाताला धरून पहिली ओळ —

अच्छा.

नाही, काही बोलू नका. मी मघाशी शब्द दिला होता ना, तिला वळवतो म्हणून — तो मी परत घेतो. नोकरी जायची तर जाऊ द्या. येतो मी. माझी काठी तेवढी — राहू द्या, घेतो मीच. आणि साहेब, आतून देवकीताई केव्हाच्या हाक मारीत आहेत. ऐकू येते ना आपल्याला?