ओल्या कावळ्याचा रंग

(कानाझावा. धातुकाम करणाऱ्या इसोकिचीचं घर. चुलीवर रंगाचं पाणी उकळतंय.)

ओतामी : अख्ख्या बाजारात मुळा नाही म्हणतेय ना मी! काल तोमेगोरोभावोजींनी सगळे उचलले. हातगाडीभर. भाजीवाली तर त्यांना आशीर्वाद देत होती.

इसोकिची : तोम्यानं? त्याच्या घरात माणसं तीन!

ओतामी : आता दोनच. परवा एक गाडी नेली होती, ती संपेना, तेव्हा त्यांच्या आई माहेरी गेल्या. वयाच्या सत्तराव्या वर्षी.

इसोकिची : मुद्दाम केलंय त्यानं. मुळ्याच्या रसात बुडवल्याशिवाय माझा धातूचा खेकडा या पाण्यात सोडला, तर ओल धरलेल्या भिंतीसारखे डाग पडतील त्यावर. दुपारी प्रदर्शनाचा माणूस न्यायला येणार. तीन वर्षं गं! दहाच्या दहा पाय हलतात!

ओतामी : गाजर चालेल?

इसोकिची : चिमूटभर सोनं घातलेलं तांबं आहे ते, ससा नाही!

ओतामी : ओरडू नका. दारात कुणीतरी वाकून उभं आहे.

तोमेगोरो : मीच आहे, वहिनी. सरळ होता येत नाही. पोटाचं चूर्ण असेल का?

इसोकिची : किती खाल्लेस?

तोमेगोरो : बासष्ट. बायको टाकू देत नाही. मुळ्याचं सार, मुळ्याचं लोणचं, मुळ्याचा भात. काल वेगळं काहीतरी कर म्हणालो, तर तिनं गोल कापायचे ते लांब कापले.

ओतामी : कशाला केलंत हो असं?

तोमेगोरो : सरकारनं लोकांच्या कमरेच्या तलवारी उतरवल्या, तेव्हा आम्ही दोघंही मुठी घडवायचे थांबलो आणि खेकड्यांवर आलो. पण याच्या खेकड्याशेजारी माझा ठेवला, की तो वाफवलेल्या लाडवासारखा दिसतो. म्हटलं, याचा डागाळला तर माझा उठून दिसेल.

ओतामी : चूर्ण देते. मुळा काढा.

तोमेगोरो : एकच उरलाय. हा बाहीत. घ्या. त्याच्याकडे बघवत नाही मला.

इसोकिची : किस गं, किस लवकर! बोटं लावू नका कुणी खेकड्याला, तेलकट ठसा उमटतो. तोम्या, श्वास तिकडे सोड.

ओतामी : हा घ्या रस.

इसोकिची : बुडवला. आता पाण्यात. कुणी बोलू नका.

ओतामी : अगंबाई. काळा... नाही, जांभळा... अहो, हा तर पावसात भिजलेला कावळा!

तोमेगोरो : डोळे बघ त्याचे. माझ्याकडे रागानं बघतोय.

इसोकिची : मीच बघतोय रागानं. तो थंड होतोय.

तोमेगोरो : दुपारी तो माणूस माझ्याकडेही येईल. त्याला सांग, घरी कुणी नाही.

इसोकिची : का? तुझा कसा आला रंग?

तोमेगोरो : रंगवलाय कुठे अजून? मुळे खाण्यात वेळच मिळाला नाही.

ओतामी : घरात बासष्ट मुळे असताना?

तोमेगोरो : सुचलंच नाही, वहिनी.

इसोकिची : रस उरलाय वाटीत. जा, तुझा खेकडा घेऊन ये.

तोमेगोरो : सरळ उभंही राहवत नाही रे मला. पाण्यात सोडताना पडेल.

इसोकिची : आण तर. सोडताना मी धरीन.