कुरणे गुरुजी सुरी घ्यायला निघतात

मंडळी, ऐका! आरतीआधी एक साधा प्रश्न विचारतो. एखादी वस्तू घ्यायची झाली, तर तिची परीक्षा कशावर घ्यावी? साथीला बसलेले आपले पेटीवाले म्हणतात, किमतीवर. असू द्या, पेटीवाले! तुमची पेटी किती महाग आहे, ते आम्ही तासभर ऐकतोच आहोत.

तर एक होते कुरणे गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक. छत्तीस वर्षं शाळा चालवली – आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकलं ते फक्त पाणी मागायला! त्यांच्या पत्नी शालिनीबाई. अंगणात घसरल्या, उजवं मनगट मोडलं, दीड महिन्याचं प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, "कामाला हात लावायचा नाही." बाई म्हणाल्या, "बरं." आणि घरी येऊन डाव्या हातानं दुधी चिरायला बसल्या! सुरी बोथट, टोक मोडलेलं. दुधीवरून घसरली ती थेट अंगठ्यावर. रक्त!

गुरुजींना घाम फुटला हो! "ऊठ तिथून! उद्यापासून भाजी मी चिरणार!"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "या सुरीनं? अहो, आधी बोटं मोजून ठेवा. आणि उद्या अकराच्या आत नवी आली नाही, तर मीच चिरणार. मला जेवून गोळी घ्यायची असते."

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार. गुरुजी आधी गेले मोठ्या दुकानात. दुकानदारानं सुरी काढली – हातभर लांब! गुरुजींनी खिशातून काय काढलं? सांगा! टोमॅटो? काकडी? नाही. पेन्सिल!

हसू नका. मास्तरांना पातं कळतं ते पेन्सिलीवरच. टोक काढलं, डोळ्यासमोर धरलं, म्हणाले, "ठीक." पुढचं दुकान – "बरी." त्याच्या पुढचं – "प्रयत्न चांगला आहे." चार दुकानं झाली, पेन्सिल राहिली बोटाएवढी. पाचव्या दुकानात मात्र असं टोक निघालं, की गुरुजी खूश! किंमत विचारली. ऐकली. आणि सुरी हळूच खाली ठेवली, झोपलेलं मूल ठेवतात तशी.

साडेदहा वाजले. घरी काय चाललं असेल, या काळजीनं गुरुजी कासावीस. बाजाराच्या टोकाला लोहाराची सगुणाबाई बसली होती. नवरा मागं भात्यापाशी, ही पोत्यावर सुऱ्या मांडून. गुरुजींची पेन्सिल बाहेर आली.

"गुरुजी," सगुणाबाई म्हणाली, "दुपारी काय पेन्सिलीची भाजी हाय का?"

गुरुजींनी पेन्सिल खिशात घातली. सगुणाबाईनं स्वतःच्या जेवणाच्या फडक्यातला टोमॅटो काढून पुढं केला. "ह्याच्यावर चालवा." गुरुजींनी मोठी सुरी उचलली – टोमॅटोचा चिखल. मग एक लहान उचलली. वीतभर, लाकडी मूठ, देखणी म्हणावी असं काही नाही. अलगद चकती पडली! किंमत? चाळीस रुपये.

"न्या तीच," सगुणाबाई म्हणाली. "बाईंची हीच हाय."

"कुठल्या बाईंची?"

"तुमच्याच की! दर दिवाळीला येत्यात. अशीच लहान उचलत्यात, मूठ धरून बघत्यात, धारंवर अंगठा फिरवत्यात. आन् ठेवत्यात. म्हणत्यात, ह्यांना इचारते."

मंडळी, गुरुजींना आठवलं. बाईंनी विचारलं होतं. दर दिवाळीला. आणि दर दिवाळीला पेपरामागून आवाज आला होता – "जुनी चालते ना?" गुरुजी कंजूष नव्हते हो! पेपर वाचत होते, एवढंच.

घरी आले. अकराला पाच कमी. दुधी चिरला. एक फोड पहिलीतली, एक सातवीतली, पण दहाही बोटं शाबूत! भाजी झाली. बाई जेवायला बसल्या, गुरुजी निकालाची वाट बघत उभे.

"मीठ?" त्यांनी विचारलं.

"घालायचं असतं," बाई म्हणाल्या. आणि सगळी भाजी संपवली.

मग गुरुजी म्हणाले, "अगं, एवढीशी तर सुरी. तूच का नाही घेतलीस?"

"जुनी चालत होती ना." रागानं नाही म्हणाल्या! राग असता तर गुरुजींना सोपं गेलं असतं. गुरुजींचे डोळे भरून आले.

"नव्हती चालत, शालिनी," ते म्हणाले. संसारात पहिल्यांदा नावानं हाक मारली.

परीक्षा कशावर घ्यावी? ज्या हाताला रोज काम करायचं, त्या हाताला विचारावं. झालं उत्तर.

आता तुमच्याकडे येतो. पुरुषमंडळी, सांगा – तुमच्या घरच्या सुरीची मूठ कुठल्या रंगाची? हात वर करा! कोणीच नाही? तात्या म्हणतात, लाल. तात्या, तुमच्या मागं वहिनी मान हलवताहेत – नाही म्हणून! देवाच्या मुकुटातले खडे तुम्हाला पाठ. त्याच्या नैवेद्याची भाजी रोज कशानं चिरतात, ते ठाऊक नाही!

आता आरती आहे. पण ज्याला वाटेल, त्यानं आधी घरी जाऊन धार बघून यावं. खुशाल जा. देव थांबेल. घरची फार वर्षं थांबली आहे.