प्रिंगलच्या हातची घंटा

गुरुवारी बाजार भरण्याआधी पावाच्या दुकानापुढे रांग लागली होती. एडगर प्रिंगलच्या पुढे उभ्या असलेल्या दोघींनी अजून मागे वळून पाहिलं नव्हतं.

"बाजाराची घंटा हल्ली तो प्रिंगल वाजवतो, हिल्डा!"

"चांगला माणूस आहे गं."

"असेल, पण उपरा आहे. गावात येऊन जेमतेम एकतीस वर्षं झालीत."

"मुलं इथंच जन्मली त्याची, म्युरियल."

"मग मुलांनी वाजवावी. राजानं बाजाराची सनद दिली तेव्हापासून घंटा गाववाल्यांकडेच आहे. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं वाजवली. आणि हा कुठला? ओल्डर्बीचा! तिथल्या चौकात बाजार नाही, मोटारी भरतात."

"मग तू अर्ज का नाही केलास?"

"मी अर्ज करू? त्यांनी घरी येऊन विचारायला नको?"

एडगर खाकरला. दोघी वळल्या. हिल्डा पाव न्याहाळू लागली, म्युरियल आभाळ.

"हवा छान आहे, मिस्टर प्रिंगल."

"आहे खरी. फक्त माझा खांदा धरलाय. आज दोर ओढायला कुणी मिळालं तर बरं होईल."

"मी काही मागायला आले नव्हते हं."

"छे, छे!"

"आणि खांदा धरणारच. हातानं ओढता तुम्ही. दोर कमरेतून ओढायचा असतो."

एवढं बोलून म्युरियल रांग सोडून चौकाकडे निघालीसुद्धा.

"अगं, तुझा पाव?"

"तूच घे! नऊला दहाच मिनिटं उरलीत, आणि ओल्डर्बीच्या माणसानं दोराला कसली गाठ मारून ठेवलीय कोण जाणे!"