पांडा-रक्ताचा पाहुणा

मी, लियाओ ग्वेलान, वय ५९, धंदा भाताच्या शेवयांचे दुकान, राहणार नदीकाठची जुनी गल्ली, हेंगयांग. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

माझी सून च्यू यान हिचे रक्त पांडाइतके दुर्मीळ. आमच्याकडे त्याला पांडा-रक्तच म्हणतात. ती दुसऱ्यांदा गरोदर आहे. तिचे रक्त पोटातल्या बाळाचे रक्त नासवते, म्हणून डॉक्टर सुईने आतल्या आत बाळाला तसलेच पांडा-रक्त देतात. गुरुवारी देताना बाळाचे ठोके मंदावले. सुई अर्ध्यावर काढावी लागली. आता सोमवारी, ताज्या रक्ताने, पुन्हा द्यायचे ठरले आहे.

गुरुवारचे रक्त शियांग बो या ट्रकचालकाचे होते. तो छांगशाहून आला होता. रक्त देणाऱ्याला उपाशी धाडू नये, म्हणून मी त्याला घरी नेले. डुकराच्या कलेजीचे सूप, गुळाच्या पाण्यातली अंडी वाढली. त्याने चाटूनपुसून खाल्ले आणि तो झोपला. मी बाहेरून कडी लावली. हे खरे आहे.

उठल्यावर तो आतून म्हणाला, "मावशी, कडी काढा. सहा महिने माझं रक्त कुणी घेणार नाही. नियमच आहे."

मी म्हणाले, "नियम कचेरीत. इथं गुमान कलेजी खा, रक्त आपोआप होईल."

"अहो, मी काय दुभती गाय आहे?"

मला वाटले, पळायला सबब सांगतोय. मला बाळ हवे होते, दुसरे काही सुचत नव्हते.

त्याने पोलिसांना नव्हे, आपल्या बायकोला आणि माझ्या सुनेला फोन केला. पोलिसांना सुनेने कळवले. मला रुग्णालयातून म्हणाली, "आई, त्याच्या बायकोनं रक्तदात्यांच्या गटात सगळं लिहिलंय. सोमवारी रक्त द्यायला वूहानची एक बाई येणार होती, ती आता नको म्हणते. आता कुणाला कोंडणार?"

मग मी कडी काढली.

शियांग बोची तक्रार नाही. इथे ठाण्यातूनच त्याने त्या बाईला फोन लावला. "ताई, या तुम्ही. म्हातारीचं डोकं फिरलं होतं, मन वाईट नाही. स्वयंपाक तर झकास करते." ती अजून हो म्हणालेली नाही. साहेब बसा म्हणतात, मला बसवत नाही.

हे मला वाचून दाखवले, मी बोलले तसेच उतरले आहे. खाली एवढे वाढवा: सोमवारपर्यंत मला कोठडीत ठेवा आणि तसे त्या बाईला कळवा. मग तरी ती येईल.